अभिनेत्रीच्या मेंदूलहरींवर कंदील चालवायचा आहे: ठाण्यातील तालमीचा अनुभव आणि काही प्रश्न

तिसरीघंटा (धागाकर्ती)

नमस्कार. ठाण्यात नौपाड्याजवळ आमचा एक हौशी नाट्यगट आहे. एका गृहसंकुलाचे सभागृह आम्हाला शनिवार-रविवारी तालमीसाठी मिळते. सध्या आम्ही पाऊण तासाचा एकपात्री दीर्घांक बसवत आहोत. त्यातील बाईला कित्येक महिने धड झोप लागलेली नाही आणि झोप यावी म्हणून एका रात्रीत ती काय काय करून पाहते, एवढेच त्याचे कथानक आहे. तिच्या उशाशी एक कंदील टांगलेला आहे. हा कंदील प्रकाशयोजनाकाराने न चालवता अभिनेत्रीच्या मेंदूलहरींवर चालावा, म्हणजे ती खरोखर निवांत झाली तर उजळावा आणि मन अस्वस्थ असेल तर मिणमिणता राहावा, अशी आमची कल्पना आहे. शेवटी कंदील उजळला तर नाटक एका तऱ्हेने संपते, नाही उजळला तर दुसऱ्या. दोन्ही शेवट लिहून तयार आहेत.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देते. मेंदूतील असंख्य पेशींच्या एकत्रित विद्युत हालचाली डोक्याच्या त्वचेवरून टिपता येतात आणि त्या नोंदीला ईईजी म्हणतात. संगणकाने ही नोंद त्याच क्षणी वाचून तिच्यावरून एखादे यंत्र, आवाज किंवा दिवा चालवला की त्या जोडणीला ब्रेन-कॉम्प्युटर इंटरफेस म्हणतात. जर्मनीतील येना येथील मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाचा पहिला ईईजी घेतला आणि १९२९ साली तो प्रसिद्ध केला. रंगमंचावर यायला मात्र त्याला १९६५ साल उजाडले. त्या वर्षी ५ मे रोजी अमेरिकेतील ब्रँडाइस विद्यापीठाच्या रोझ कलासंग्रहालयात ॲल्विन लुसिए यांनी ‘म्युझिक फॉर सोलो परफॉर्मर’ ही रचना सादर केली. ते श्रोत्यांसमोर डोळे मिटून खुर्चीत बसले. त्यांच्या डोक्यावरील इलेक्ट्रोडमधून (विद्युत हालचाल टिपणाऱ्या चकत्यांमधून) आलेल्या अल्फा लहरी, म्हणजे डोळे मिटून निवांत बसल्यावर उठणाऱ्या लहरी, प्रचंड वाढवून ध्वनिक्षेपकांना दिल्या गेल्या आणि त्या ध्वनिक्षेपकांच्या थरथरीने जवळ ठेवलेले ढोल, झांजा आणि घंटा वाजू लागल्या. अल्फा लहरी सेकंदाला साधारण ८ ते १३ वेळा आंदोलतात, त्यामुळे माणसाच्या कानाला त्या ऐकू येत नाहीत. म्हणून त्यांनी लहर ऐकवण्याच्या भानगडीत न पडता तिलाच चामड्यावर थाप मारायला लावली. या युक्तीचे मला अजूनही अप्रूप वाटते.

आमची पहिली चाचणी फसली, आणि ती कशी फसली हे सांगितल्याशिवाय प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. आम्ही बाजारात मिळणारा, डोक्याला बांधायचा एक स्वस्तातला ईईजी पट्टा आणला होता. कपाळावर एक इलेक्ट्रोड, कानाच्या पाळीला एक चिमटा, आणि मोबाइलवर ‘एकाग्रता’ व ‘शांतता’ यांचे ० ते १०० असे आकडे. त्या आकड्यांवर कंदील जोडला. पहिला अर्धा तास सगळे हरखून गेले होते. आमची अभिनेत्री डोळे बारीक करून कंदिलाकडे पाहायची आणि कंदील उजळायचा. मग ध्वनी सांभाळणारा मुलगा पट्टा लावून बसला. त्याने सत्तावीसचा पाढा म्हणत दात आवळले, कंदील भगभगला. त्याने पाढा सोडून दिला आणि नुसतेच दात आवळले, तरी कंदील तेवढाच भगभगला. मग त्याने भुवया उंचावल्या. त्यानंतर सभागृहात जी शांतता पसरली ती कोणत्याही पट्ट्याला मोजता आली नसती.

तर पहिला प्रश्न तांत्रिक आहे: स्नायू बाजूला सारून मेंदू कसा वाचायचा? पण ज्यासाठी हा धागा काढला तो प्रश्न वेगळा आहे. हे खरोखर घडत आहे, हे प्रेक्षकाला कळायचे कसे? विंगेत बसून डिमर (दिव्याचा उजेड कमी-जास्त करणारे उपकरण) फिरवणारा माणूस हेच दृश्य याहून सुबक करील.

जुना_प्रेक्षक

शेवटचे वाक्य आपणच लिहिले आहे, तेव्हा उत्तरही आपल्याला ठाऊक असावे. गडकरी रंगायतन १९७८ साली सुरू झाले तेव्हापासून मी तिथे नाटके पाहत आहे. निवांतपणा खरा असणे हे नटाचे काम नव्हे, तो प्रेक्षकाला खरा वाटला पाहिजे. विषप्राशनाच्या प्रवेशात कोणी खरे विष देत नाही. जी गोष्ट अभिनयाने साधते ती साधण्यासाठी नटीच्या डोक्याला तारा जोडणे म्हणजे तिच्या अभिनयावर अविश्वास दाखवणे होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

ऐरोलीची_लॅब

मी नवी मुंबईतील एका रुग्णालयात ईईजी तंत्रज्ञ आहे आणि रोज सहा-सात जणांच्या डोक्यांवर इलेक्ट्रोड चिकटवते. नाटकातले मला कळत नाही, पण तिसरीघंटा ताईंच्या पहिल्या प्रश्नाबद्दल सविस्तर लिहिता येईल.

मेंदूचा जो सिग्नल त्वचेपर्यंत पोहोचतो तो १० ते १०० मायक्रोव्होल्टच्या घरात असतो. भिंतीवरच्या घड्याळात घालतो त्या दीड व्होल्टच्या सेलमध्ये पंधरा लाख मायक्रोव्होल्ट असतात, यावरून तो किती क्षीण आहे याचा अंदाज यावा. दात आवळताना कानशिलाचा स्नायू आणि भुवया उंचावताना कपाळाचा स्नायू जो विद्युतदाब निर्माण करतात तो याच्या कितीतरी पट मोठा असतो. पापणी लवली तरी कपाळाजवळच्या इलेक्ट्रोडवर डोंगराएवढी लाट उमटते. कपाळावर एकच इलेक्ट्रोड लावणे म्हणजे ढोल-ताशा पथकाच्या मधोमध उभे राहून पलीकडच्या खोलीतल्या माणसाचे पुटपुटणे ऐकण्यासारखे आहे. शिवाय ‘शांतता’ आणि ‘एकाग्रता’ हे आकडे कोणत्या सूत्राने काढले जातात ते सहसा उघड केलेले नसते. तुम्ही ते आकडे वापरू नका, कच्ची लहर दाखवणारे उपकरण घ्या. आठ चॅनलचे, सेकंदाला २५० नमुने घेणारे, खुल्या आराखड्याचे बोर्ड आता हौशी मंडळींनाही मिळतात.

अल्फा लहर सर्वांत ठळक दिसते ती डोक्याच्या मागच्या बाजूला, जिथे दृष्टीचे काम चालते. आमच्या भाषेत त्या जागांना ओ-१ आणि ओ-२ म्हणतात. डोळे मिटले की दोन-तीन सेकंदांत तिथे सुबक, लयदार लाटा उभ्या राहतात, डोळे उघडताच त्या मोडतात. हे बर्गर यांनीच पाहिले होते आणि मी रोज पाहते, तरी प्रत्येक वेळी बरे वाटते. डोळे मिटलेले असतानाही मनात वजाबाकी सुरू केली तर बऱ्याच जणांची अल्फा दबते. तुमच्या कंदिलासाठी हीच लहर योग्य आहे. मात्र काही धडधाकट माणसांमध्ये ती फारच पुसट असते, आणि त्यात आजार काहीही नसतो. तेव्हा नटी निवडण्याआधी ईईजी काढा, असे गमतीने म्हणते.

आता तेलाविषयी. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक रुग्णाला आम्ही सांगतो की केस शाम्पूने धुऊन, कोरडे करून, तेल न लावता या, आणि तरीही निम्म्या बायका खोबरेल तेल चोपडून येतात. तेलाच्या थरावर इलेक्ट्रोड नीट टेकतच नाही, मग दिसते ती मेंदूची लहर नसते. केसांत भांग पाडून, त्वचा हलकी घासून, पेस्ट लावून इलेक्ट्रोड बसवावा लागतो. ठाण्याच्या दमट हवेत दिव्यांखाली घाम येणारच, आणि घामामुळे नोंद वर-खाली सावकाश वाहत जाते. सेकंदाला एका आंदोलनाहून संथ असे बदल गाळून टाकले तर तो त्रास बराच कमी होतो.

शेवटची गोष्ट कदाचित आपल्या संहितेला अडचणीची ठरेल. अल्फा म्हणजे झोप नव्हे. ती जागेपणीच्या निवांतपणाची खूण आहे. माणसाला डुलकी लागू लागली की अल्फा मावळते आणि तिच्या जागी सेकंदाला ४ ते ७ वेळा आंदोलणाऱ्या संथ, कमी उंचीच्या लाटा येतात. म्हणजे आपली नायिका निवांत होईपर्यंत कंदील उजळत जाईल, आणि तिला खरोखर झोप लागली की विझेल.

तिसरीघंटा

ऐरोलीची_लॅब ताई, आपल्या शेवटच्या परिच्छेदाने माझी रात्रीची झोप उडाली, आणि त्याबद्दल मी आपली अत्यंत ऋणी आहे. आम्ही उजळणारा कंदील म्हणजे झोप असे गृहीत धरले होते. प्रत्यक्षात तो उजळून मग विझतो, हे आम्हाला सुचले नसते इतके चांगले आहे. शेवट पुन्हा लिहीत आहे.

जुना_प्रेक्षक काका, आपल्याला सावकाश उत्तर देते.

डिमरवाला

मी कळव्यात राहतो आणि गेली अठरा वर्षे प्रकाशयोजना करतो. विंगेत डिमर फिरवणारा तो माणूस म्हणजे मीच.

ज्या सभागृहात जुने थायरिस्टर डिमर आहेत तिथे हा प्रयोग करताना सांभाळा. हे डिमर विजेची लाट प्रत्येक अर्ध्या फेरीत मध्येच कापतात, त्यामुळे विजेचा ५० हर्ट्झचा (सेकंदाला ५० वेळा आंदोलणारा) मूळ हम तर राहतोच, शिवाय त्याच्या पटीतले १५०, २५०, ३५० हर्ट्झचे काटेही हवेत पसरतात. ज्या तारांतून दहा-वीस मायक्रोव्होल्ट वाचायचे आहेत त्या माझ्या दिव्यांच्या केबलला समांतर नेल्या तर नाटक माझे डिमरच करतील. कंदिलात एलईडी बसवून तो बॅटरीवर चालवावा, लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवावा, आणि संगणकात ५० हर्ट्झचा नॉच फिल्टर, म्हणजे फक्त तेवढाच हम काढणारी गाळणी, लावावा. नॉच फिल्टर सगळ्यावरचा इलाज आहे असे समजू नये, कारण सिग्नल मुळातच हममध्ये बुडून गेला असेल तर गाळणीतून काहीच हाती लागत नाही. बिनतारी उपकरण वापरणार असाल तर ते बहुधा २.४ गिगाहर्ट्झवर, म्हणजे मोबाइलचे वाय-फाय आणि ब्लूटूथही वापरतात त्याच पट्ट्यात, चालत असेल. तालमीत ते सुरळीत चालते, आणि प्रयोगाला दोनशे प्रेक्षक दोनशे मोबाइल घेऊन आले की मध्येच दम टाकते. रंगीत तालीम भरलेल्या सभागृहात करा.

आता खऱ्या दुखण्याकडे येतो. मेंदूतून येणारा आकडा फार उड्या मारतो. तो जसाच्या तसा कंदिलाला दिला तर कंदील भुताटकीच्या सिनेमातल्यासारखा लुकलुकेल. म्हणून आपण मागच्या काही सेकंदांची सरासरी काढतो आणि कंदील मऊ होतो. सरासरी आणखी लांबवली की आणखी मऊ. पण ती लांबवत लांबवत मी अशा ठिकाणी पोहोचतो जिथे कंदील अगदी मला हवा तसा वागतो आणि बाईच्या डोक्याशी त्याचा संबंध नावापुरता उरतो. मी मागे एका नृत्यप्रयोगासाठी असे करून दिले आहे. संयोजक खूश, प्रेक्षक खूश, वर्तमानपत्रात छायाचित्र. नर्तकीने मला नंतर विचारले, ‘‘दादा, मी आज काही वेगळे केले असते तर दिवे वेगळे लागले असते का?’’ मी उत्तर दिले नाही. ही खोट कुठे सुरू होते हे जुना_प्रेक्षक काकांना दिसणार नाही, मला दिसते.

विलंबित

डिमरवाला यांच्या सरासरीच्या मुद्द्यावरून एक सांगावेसे वाटते. मी पाचपाखाडीत गाणे शिकवतो. अल्फाची ताकद भरवशाने मोजण्यासाठी दीड-दोन सेकंदांचा तुकडा लागतो, म्हणजे कंदील नेहमी दोन सेकंद मागे चालणार. मध्य लयीच्या तीनतालात मिनिटाला १२० मात्रा धरल्या तर दोन सेकंद म्हणजे चार मात्रा, एक अख्खा विभाग. एवढा मागे पडणारा साथीदार कोणी बैठकीला बसू देणार नाही. अतिविलंबित एकतालात मात्र मिनिटाला १२ मात्रा धरल्या तर एक मात्रा पाच सेकंदांची होते आणि एक आवर्तन मिनिटभराचे. तिथे दोन सेकंदांचा उशीर मात्रेच्या पोटातच विरून जातो. मेंदूलहरींवर दिवे नाचवण्याचे जे कार्यक्रम इंटरनेटवर दिसतात ते बहुतेक द्रुत लयीच्या संगीतावर असतात. ते पाहताना मला तबलजी एक ताल वाजवतो आहे आणि गवई दुसराच गातो आहे असे वाटत राहते. तुमची निद्रानाशाची रात्र विलंबित आहे, हे तुमच्या पथ्यावर पडेल.

अवांतर: २०१६ साली हाँगकाँगमध्ये एलन पर्लमन यांनी ‘नूर’ नावाचा एक मेंदू-ऑपेरा केला. त्यात गायन-अभिनय करणाऱ्या कलावतीच्या डोक्यावरील हेडसेट तिच्या भावस्थितीनुसार चित्रे आणि ध्वनी सुरू करत असे. विषय होता नूर इनायत खान, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांसाठी बिनतारी संदेश पाठवणारी आणि १९४४ साली डाखाऊच्या छळछावणीत मारली गेलेली स्त्री. तिचे वडील हजरत इनायत खान बडोद्याचे, संगीतकार मौलाबक्षांचे नातू आणि स्वतः वीणावादक. माणसाच्या जाणिवेत पाळत पोहोचू शकणार नाही अशी एखादी जागा आहे का, हा त्या ऑपेराचा प्रश्न होता. बडोद्याच्या संगीतघराण्याची लेक अशा ठिकाणी भेटेल असे मला वाटले नव्हते.

शांत_खोली

मी खारघरला राहते. माझ्या थोरल्या भावाला मोटर न्यूरॉन आजार आहे, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या मज्जापेशी निकामी होत जाण्याचा. तो पूर्वी शाळेच्या गॅदरिंगची नाटके बसवायचा. आता डोळे सोडून काहीच हलत नाही.

इथली चर्चा ‘खरे की नटवे’ याभोवती फिरते आहे, पण माझ्या घरात हा प्रश्नच उद्भवत नाही. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठातील ब्राझिलियन संगीतकार एदुआर्दो मिरांडा यांनी ‘ॲक्टिव्हेटिंग मेमरी’ नावाची रचना केली आहे. त्यात चार तंतुवादक आणि त्यांच्यासोबत हालचाल गमावलेले चार जण असतात. या चौघांसमोरच्या पडद्यावर संगीताचे काही तुकडे दिसतात आणि प्रत्येक तुकड्याच्या चौकोनाशेजारचा ठिपका वेगळ्या वेगाने लुकलुकत असतो. ज्या ठिपक्याकडे नजर लावून ठेवावी त्याचाच वेग डोक्याच्या मागच्या भागातील लहरींत उमटतो, त्यावरून संगणक निवड ओळखतो आणि तो तुकडा वादकासमोरच्या पडद्यावर येतो. वादक तो तिथल्या तिथे वाजवतो. हे काम लंडनमधील पटनी येथील मज्जासंस्थेच्या रुग्णालयातील रुग्णांसोबत झाले. मी त्याचे चित्रीकरण भावाला दाखवले. त्याने ते दोनदा पाहिले आणि अक्षरफलकावर डोळ्यांनी एकच शब्द लिहिला: ‘‘वादक वाट पाहतात.’’ शब्द तीन झाले, पण त्याला एक वाक्य पुरे करायला कधी कधी दहा मिनिटे लागतात, म्हणून मी ते एकच धरते.

त्याच्यासाठी ते उपकरण म्हणजे वाद्य आहे, कारण दुसरे कोणतेही वाद्य त्याला उरलेले नाही. आपल्या अभिनेत्रीला हात आहेत, आवाज आहे, चेहरा आहे. तिला हे कशासाठी हवे आहे? हा टोमणा नाही, मला खरोखर जाणून घ्यायचे आहे.

ऐरोलीची_लॅब

लुकलुकणाऱ्या ठिपक्यांची पद्धत कोणी सभागृहात मोठ्या पडद्यावर करू पाहत असेल तर सावध करते. ठरावीक वेगाच्या उघडझापीने काही जणांना फिट येऊ शकते. धोका सर्वांत जास्त असतो तो सेकंदाला १५ ते २५ वेळांच्या आसपास. १९९७ साली जपानमध्ये दूरचित्रवाणीवरील एका व्यंगचित्र मालिकेतील लाल-निळ्या उघडझापीनंतर सहाशेहून अधिक मुलांना रुग्णालयात न्यावे लागले होते. आम्ही तपासणीत असा प्रकाश देतो, पण तेव्हा शेजारी डॉक्टर आणि औषध तयार असते. आपला कंदील संथ आहे, त्याला ही भीती नाही.

शांत_खोली, भावाला माझा नमस्कार सांगा.

नेरूळचा_वकील

एक कायदेशीर बाजू कोणी मांडलेली नाही. पुण्याच्या सत्र न्यायालयाने २००८ साली एका खुनाच्या खटल्यात आरोपीच्या मेंदूच्या विद्युत नोंदीचा आधार घेतला आणि त्याची जगभर चर्चा झाली. त्यानंतर सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की संमतीवाचून नार्को, पॉलिग्राफ किंवा मेंदूची अशी चाचणी करणे हा घटनेच्या अनुच्छेद २०(३) (स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नको) आणि २१ (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य) यांचा भंग आहे. निकालाची तारीख ५ मे २०१०, म्हणजे लुसिए यांच्या प्रयोगानंतर बरोबर पंचेचाळीस वर्षांनी. योगायोग आहे, पण नोंदवल्याशिवाय राहवले नाही.

आपल्याकडे अर्थातच कोणी सक्ती करत नाही. तरी अभिनेत्रीची लेखी संमती घ्यावी, आणि तीत कच्ची नोंद कोणाकडे राहील व केव्हा पुसली जाईल हे स्पष्ट असावे. पहिल्या चाचणीतील पट्ट्याने नोंद कोणत्या सर्व्हरवर पाठवली ते आपण तपासले होते का? चिली देशाने २०२१ साली मेंदूतील माहितीचे संरक्षण थेट राज्यघटनेत घातले आणि २०२३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एका हेडसेट विक्रेत्या कंपनीला तक्रारदाराची नोंद पुसायला लावली. प्रश्न काल्पनिक नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे अभिनेत्रीचा एखादा वाईट दिवस कंदिलाने शंभर अनोळखी लोकांना सांगितला, तर ते तिला चालणार आहे का? नटाला वाईट दिवस लपवण्याचा हक्क असतो. आपण तो काढून घेत आहात.

तिसरीघंटा

उत्तराला तीन आठवडे लागले, क्षमस्व. मधल्या काळात उपकरण बदलले, संहिता बदलली आणि दुसरी मोठी तालीम झाली.

आधी नेरूळचा_वकील यांना: पट्ट्याने नोंद परदेशातील सर्व्हरवर पाठवली होती, हे आपण विचारल्यावर आम्ही पाहिले आणि खाते बंद केले. आता नोंद एकाच लॅपटॉपवर, इंटरनेट बंद ठेवून घेतो आणि प्रयोगानंतर अभिनेत्री स्वतः ती पुसते. वाईट दिवसाचा प्रश्न मी तिलाच विचारला. ती म्हणाली की चेहऱ्यावर काय दिसेल ते ती ठरवते आणि कंदिलात काय दिसेल ते ठरवत नाही, यातले अंतरच तिला करून पाहायचे आहे. तिने एक अट घातली, आणि ती आम्ही मान्य केली: हाताजवळ एक बटण असेल आणि ते दाबताच जोडणी तुटेल, कोणत्याही प्रयोगात, कारण न सांगता.

जुना_प्रेक्षक काका आणि शांत_खोली, आपल्या दोघांचा प्रश्न मला शेवटी एकच वाटला. अभिनयाने साधते ते तारांनी कशाला करायचे? माझे उत्तर असे, की झोपेची वाट पाहणे ही अभिनयाने साधणारी गोष्ट नाही, निदान झोप न येणाऱ्या माणसाला तरी ती साधत नाही. तो रात्रभर झोपेचा अभिनयच करत असतो: डोळे मिटतो, श्वास संथ करतो, कूस बदलत नाही. अल्फाचेही तसेच आहे. ती आणायला गेले की येत नाही. आमच्या बाईला चेहरा, आवाज, हात सगळे आहे आणि त्यातले काहीच उपयोगी पडत नाही, म्हणून कंदील. दात आवळून उजळणारा कंदील याच कारणाने नको होता.

तालमीत एक गंमत झाली. कंदील उशाशी होता, तेव्हा अल्फा वाढून तो उजळला की मिटलेल्या पापण्यांतून तिला उजेड जाणवायचा, ‘जमले’ असे मनात यायचे आणि त्याच क्षणी कंदील मंदावायचा. चार वेळा असे झाले. पाचव्या वेळी तिने वैतागून टेबलावरचा तांब्या हाणला. मग डिमरवाला यांनी, ते आता आमच्यासोबत आहेत, कंदील तिच्या पाठीमागे सहा फुटांवर टांगला. प्रेक्षकांना तो दिसतो, तिला दिसत नाही. संपूर्ण नाटक त्या एका खिळ्याने बदलले.

आता जोडणी पाऊण तास चालत नाही. बोलताना आणि फिरताना स्नायूंची धूळ एवढी उडते की ती नोंद निरुपयोगी असते, म्हणून पहिली चाळीस मिनिटे कंदील साधाच असतो आणि डिमरवाला तो उघडपणे, प्रेक्षकांना दिसतील असे रंगमंचाच्या कडेला बसून चालवतात. मग ते उठतात, हात मागे बांधून उभे राहतात. अभिनेत्री पाटावर बसते, डोके कशालाही टेकत नाही कारण मागचे इलेक्ट्रोड दाबले जातात. भिंतीवर कच्ची लहर दिसू लागते. ती डोळे मिटते, लाटा उभ्या राहतात, ती डोळे उघडते, लाटा मोडतात. असे दोनदा होते. संवाद नाही. त्यानंतर लहर भिंतीवरून पुसली जाते आणि फक्त कंदील उरतो. सरासरी दोन सेकंदांची आहे, त्याहून लांबवायची नाही असे डिमरवाला यांनी स्वतःहून लिहून दिले आहे. कंदील थोडा लुकलुकतो, लुकलुकू दे.

गेल्या रविवारी दुपारी साडेतीनला वीस-बावीस शेजाऱ्यांसमोर तालीम केली. पंखे बंद होते, बाहेर कोणाची तरी रिक्षा सुरू होत नव्हती. पहिली दोन मिनिटे कंदील मिणमिणता. मग तो हळूहळू चढला आणि जवळजवळ पूर्ण उजळून बराच वेळ तसाच राहिला. आणि मग कोणीही काही न करता तो उतरत गेला व विझला. तिची मान थोडी पुढे आली होती. आम्ही कोणीच हललो नाही. मिनिटभराने रिक्षा सुरू झाली आणि ती दचकून जागी झाली, की दचकली एवढेच, ते मला सांगता येत नाही. तिलाही सांगता येत नाही. ती म्हणते, ‘‘झोपले असेन, नाहीतर तार सुटली असेल.’’

ऐरोलीची_लॅब ताई, तिच्या परवानगीने त्या सात मिनिटांची कच्ची नोंद आपल्याला पाठवली आहे. आपण पाहून सांगितल्यावरच ती पुसणार आहोत.

जुना_प्रेक्षक

मी त्या वीस-बावीस जणांत होतो. शेजारच्या इमारतीतच माझी मुलगी राहते. अभिनयाविषयीचे माझे मत कायम आहे. परंतु डिमरवाले हात मागे बांधून उभे राहतात तिथे मला काहीतरी झाले, आणि ते अभिनयाने झाले नाही हे मान्य करतो. कच्ची लहर थोडी कमी वेळ दाखवावी, रुग्णालयाची आठवण येते.

ऐरोलीची_लॅब

नोंद पाहिली. पाचव्या मिनिटाच्या शेवटापर्यंत ओ-१ वर सुरेख अल्फा आहे, सेकंदाला साधारण दहा. त्यानंतर ती तुटक होते, डोळ्यांच्या संथ डोलण्याच्या खुणा दिसतात आणि ४ ते ७ हर्ट्झच्या लाटा येतात. साधारण चाळीस सेकंद डुलकी लागली होती. रिक्षा कुठे सुरू झाली तेही नोंदीत दिसते.

ओ-२ ची तार मात्र त्याच सुमारास खरोखर सुटली होती. अंबाडा थोडा खाली बांधायला सांगा, आणि शनिवारी रात्री डोक्याला तेल नको.